कंदिलातलं तेल

केनवड,
चैत्र वद्य पंचमी, शके १८५८

प्रिय जानराव,

लुगडं पाठवायले हात आहेत अन् दोन ओळी लिहायले नाहीत काय? अकोल्याहून आलेल्या फुलचंदच्या हाती गठुडं आलं. मी घडी उलगडून झटकून पाह्यली, कागदाचा चिटोरा नाही. असं मुकं लुगडं मले नेसायचं नाही. खुंटीवर आहे, तिथंच राहील. वर्ष होत आलं, तू अकोल्याच्या जिनात कापसाच्या धुळीत खोकत बसला, कॉलेजचं नाव काढत नाही. तुझी पुस्तकं पेटीत आहेत. कसर लागू नये म्हणून दर महिन्याले उन्हात मांडते. कोणासाठी मांडते, तूच सांग.

तुझ्या मनात काय आहे ते मले ठाऊक आहे. तुझे बाबा पेवात गुदमरून गेले, अन् त्यायच्या सदऱ्याच्या खिशात तुझं पत्र सापडलं. जमिनीतलं धान्याचं पेव उघडलं की एक दिवस उघडंच ठेवा, आतला वायू जागा मिळेल तिकडे पसरते, मग धान्य काढायले उतरा, असं तू लिहिलं होतं, अन् बाबा तसंच वागले असं सगळे समजले. तेराव्याच्या पंगतीत तुझे काका उकंडराव सगळ्यांदेखत बोलले, "पोराच्या शिकण्यानं बापाचा जीव घेतला." तू ताटावरून उठला तो गावातूनच गेला. मी वाढत होती. वाढतच राह्यली.

बाबांले तुझ्या शिक्षणाचं केवढं कौतुक. त्या दिवाळीले तू लोट्यात सोडा टाकला, वर माझी तीन लिंबं पिळली, फसफसलं तसा लोटा दिव्यावर कलता केला. थेंब पडला नाही अन् दिवा विझला. मी लिंबांसाठी ओरडली. तू म्हणाला, माय, हा वायू दिसत नाही, पण हवेहून जड आहे, पाण्यासारखा ओतता येते. पेवातल्या ज्वारीतून हाच निघते अन् तळाशी बसते. तापला की फुगते, दाबला की आखडते, असंही कायकाय सांगतलं. बाबा आठ दिवस गावभर तेच सांगत फिरले. आपला गडी देवला तर त्या लोट्याले हात लावेना.

आता नीट वाच, मी दुसऱ्यांदा लिहिणार नाही. तू एक दिवस लिहिला होता, आमी एक दिवस ठेवलाच नाही. बाबा उतरले त्याच सकाळी पेवाचं तोंड फोडलं होतं. ज्वारी न्यायले आलेली खेमचंद शेठची गाडी उन्हात उभी, गाडीवान कुरकुर करून राह्यला, अन् मले वाट पाहणं जमत नाही हे तुले माहीत आहे. बाबा म्हणाले, उद्या उतरू, पोरानं लिहिलं आहे. मी म्हटलं, पोराले लिहायले काय जाते. तरी त्यायनं दोरीले कंदील बांधून आत सोडला, तो तर आपल्याकडचा जुनाच रिवाज. दोन हात खाली गेला अन् विझला. देवला पोते आणायले गेला होता, दोघंच होतो. त्यायनं माझ्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, "तेल सरलं असन. उतरा आता." ते उतरले. देवला परत आला अन् कमरेच्या दोरीनं त्यायले ओढून काढलं, सगळे त्यायच्याभोवती जमले, तेव्हा मी कंदील उचलून हलवला. अर्ध्याच्या वर तेल होतं. उकंडरावांनी तुले बोल लावला तेव्हा हे माझ्या जिभेवर होतं, अन् मी तुझ्या ताटात वरण वाढलं. तुझं लिहिणं खरं होतं, जानू. वैशाखातल्या आखाजीले बाबांच्या नावानं पितरांची पहिली घागर भरायची आहे, ती तुझ्याच हातानं. त्या दिवशी उकंडरावांसमोर मी हे तोंडानं सांगणार आहे. मग मले माय म्हण नाहीतर म्हणू नको, पण पुस्तकं घेऊन जाजो. आखाजीच्या आधीच्या शुक्रवारी डाकवाला येते. त्या दिवशी उत्तर माझ्या हातात पाहिजे. येतो की नाही, एवढंच लिही.

तुझीच,
माय