नीलकंठच्या चित्रांचं ग्रेस्केल

३ नोव्हेंबर २००३, सोमवार. देवास.
काल धारला नीलकंठकडे जाऊन आलो. फार वाळला आहे. डॉक्टरांनी हात टेकले, हे त्यालाही ठाऊक आहे. मागणं एकच: मांडूच्या चित्रांचं पुस्तक डोळ्यांनी बघून जायचं. शाळेत ड्रॉइंग शिकवता शिकवता जन्मभर मांडू रंगवलं, आणि चित्र झालं की कुणाला तरी देऊन टाकलं. ती सगळी लोकांकडून मागून आणून मी दसऱ्याच्या सुमारास स्कॅन केली, ज्याची त्याला पोचवली. पानांचा रंगीत लेआउटही तयार आहे. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण असा लेआउट इंदुरातही कोणी करत नाही.

प्रेस मात्र एकरंगी. म्हणजे सगळं ग्रेस्केल, नुसत्या करड्या छटांचं, करून छपाईची फाइल द्यायची. नीलकंठ म्हणाला, शरद, जपून कर, लाल आणि हिरवा काळ्या-पांढऱ्यात कधीकधी सारखेच उतरतात. म्हणालो, कंप्यूटरला कळतं. कारखान्याची नोकरी सोडून डीटीपीत उगाच नाही आलो. आठवड्यात देतो, असा शब्द दिला.

७ नोव्हेंबर
दिवसभर लाइट नाही. आल्यावर मूड नाही. आमच्या हिचं, नलिनीचं, मत पडलं की एकेक चित्र उघडून, नजरेने बघून करा. नलिनीने आयुष्यात फोटोशॉप उघडलेलं नाही.
नियम: उद्यापासून पहाटे उठून कामाला बसणे.

८ नोव्हेंबर
उशिरा उठलो. थंडी.

११ नोव्हेंबर, दुपार
युक्ती सापडली! एका चित्रावर जे करायचं ते रेकॉर्ड करून ठेवलं आणि चित्रं-पानं सगळं असलेल्या अख्ख्या फोल्डरवर एकदम चालवलं. मी चहा पितोय आणि कंप्यूटर राबतोय. दर चित्राला काहीतरी विचारत होता, ते विचारणंच बंद करून टाकलं.

चित्रं आता गंभीर दिसतात. नीलकंठचं सगळ्यात लाडकं चित्र म्हणजे माईंचं. त्याची बायको, लाल लुगड्यात, मांडूच्या हिरव्यागार उतारावर बसलेली. ग्रेमध्ये लुगडं आणि गवत एकजीव झालं. चेहरा आणि दोन हात तेवढे राहिले. नलिनी म्हणाली, माई कुठे गेल्या? म्हणालो, नीट बघ, दिसतील. कलेत सगळंच उघड दाखवायचं नसतं.

१३ नोव्हेंबर
काल फाइल प्रेसला दिली, आज प्रेसवाल्या गोपाळरावांचा फोन. म्हणे, चित्रं फार काळी आहेत, छापताना शाई पसरून आणखी काळी होतील. लाल मथळे हिरव्या पट्टीत गडप झालेत. रंगीतवरून पुन्हा करून द्या ना भिया. निवडणुकीची पत्रकं छापून छापून माणसाचं डोकं फिरलंय. तरी मोठ्या मनाने म्हणालो, करतो.

१४ नोव्हेंबर
रंगीत फाइली उघडल्या. करड्या. मॉनिटरची केबल हलवली. पुन्हा उघडल्या. करड्याच.

सगळ्याच्या सगळ्या त्याच नावाने सेव्ह झाल्या आहेत. करड्याखाली रंग पुसले गेले. असं होणार असेल तर प्रोग्रामने आधी विचारायला नको? काय ही सॉफ्टवेअर बनवणारी माणसं.

जेवण गेलं नाही.

उपाय तसा सोपा आहे. मूळ चित्रं पुन्हा गोळा करायची. हाटपिपल्या, अमझेरा, एक-दोन उज्जैनला. रविवारी पहिल्या बसने निघतो. नलिनीला बोललो नाही, उगाच काळजी करते.

१६ नोव्हेंबर, रविवार
सर्दी. निघता आलं नाही.
नीलकंठच्या मुलीचा, आरोहीचा फोन. काका, किताब कधी येणार? बाबा रोज पूछतात. सकाळपासून दरवाज्याकडेच बघतायत. म्हणालो, अगं, मशीनवर चढलं आहे.
खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून ताबडतोब गोपाळरावांना फोन केला, आहे तसंच मशीनवर चढवा. प्रूफ पाठवू का म्हणाले. म्हणालो, नको, माझा विश्वास आहे तुमच्यावर.

२२ नोव्हेंबर, शनिवार. रात्री लिहितोय.
पुस्तक घेऊन धारला गेलो. माईंनी पाठीला उशा लावून नीलकंठला बसवलं. त्याने पुस्तक मांडीवर घेऊन कव्हरवरून हात फिरवला, हसला. पानं उलटू लागला. हळू, मग आणखी हळू. माईंच्या पानावर थांबला. खिडकी उघड म्हणाला. खिडकी उघडीच होती. बोटाने पान चाचपत राहिला. मग म्हणाला, शरद, लुगडं सापडत नाही रे मला. डोळेही गेले वाटतं.

कोणीतरी धीर द्यायला हवा होता. मी म्हणालो, औषधांनी होतं असं.

त्याने मान हलवली. पुस्तक मिटून माईंच्या हातात दिलं आणि म्हणाला, छान केलंस, फार मेहनत घेतलीस. आरोहीने माईंकडून पुस्तक घेतलं, ते पान काढलं, आणि मग माझ्याकडे बघत राहिली. तिला मराठी वाचायला जड जातं. चित्र बघायला वाचता यावं लागत नाही.

चहा न घेताच उठलो, बस चुकली असती. पुढच्या खेपेला नीलकंठला सगळं तांत्रिक कारण समजावून सांगेन. जरा हुशारी वाटू दे त्याला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आरोहीचा फोन. बाबा पहाटे गेले. म्हणाली, त्या दिवसापासून डोळे मिटूनच होते. आई समोर बसून म्हणायची, अहो, बघा तरी माझ्याकडे. तर म्हणायचे, दिसत नाही तर उघडून काय करू, तू बोलत राहा. तसेच गेले.
मी सांगणार होतो की आजारात असं होतं. तिने फोन ठेवला होता.

नलिनी शेजारीच उभी होती. तिने पिशवी भरली, शाल घेतली. मी शर्ट बदलून बाहेर आलो, तर ती एकटीच धारच्या बसला निघून गेली होती.