ढब्बू अजून चालत नाही

ता. ४ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचा भाचा ढब्बू दीड वर्षाचा झाला. तोंडाचा पट्टा चालू असतो, पण पाऊल टाकायचं नाव नाही. रांगतही नाही. एक हात वल्ह्यासारखा मारत ढुंगणावर सरकतो, तेही इतक्या वेगात की मागे धावणारा धापा टाकतो. मी दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी अल्टर करते आणि घरी याच्या चड्डीच्या बुडाला ठिगळं लावते.

तुमचे बंधुराज पडले शाळेतले पी.टी.चे मास्तर. ते मुलासमोर शिट्टी फुंकतात, मुलगा टाळ्या वाजवतो. आपण स्वतः नवव्या महिन्यात चालायला लागलो, हे मला उठता-बसता ऐकवतात. खोट माझ्या माहेरच्या रक्तात, असा एकूण रोख.

लिहायचं कारण वेगळंच. मुलांच्या डॉक्टरबाईंनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. कमरेचे सांधे, पाय, सगळं तपासणार. काल त्याला मोजे घालताना हे त्याची पावलं पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते. मलाही धीर धरवत नाही.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.
तुमची वहिनी

ता. ८ मार्च

चि. वहिनीस,
अ. आ.

पत्र वाचून आधी घाबरले, मग हसून हसून पोट दुखलं. तुझा नवरा दोन वर्षांचा होईपर्यंत ढुंगणावर सरकत होता. मी तेव्हा शाळेत जात होते, ऐकीव गोष्ट नाही. सरकत सरकत शेजाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलाखाली शिरायचा आणि पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावायचा. मग एके दिवशी आपणहून उठला आणि चालू लागला.

तरी तपासणी चुकवू नकोस, माझ्या हसण्याला डॉक्टरकी समजू नकोस. बाईंना मात्र हे जरूर सांग.

त्याला आशीर्वाद कळव, आणि नववा महिना कुठल्या वर्षाचा तेही विचार.
तुझी नणंद

ता. १६ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

बाईंनी ढब्बूला उलटासुलटा करून पाहिलं. सांधे ठीक आहेत. पायांत ताकद भरपूर आहे, हे त्याने बाईंच्या चष्म्यावर लाथ मारून दाखवलं. घरात आणखी कोणी असं सरकायचं का, असं बाईंनी विचारल्यावर हे छताकडे बघू लागले. मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, मग पोरगा बापावर गेलाय, अशी मुलं उशिरा चालतात. दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा. मी तिथेच रडले. ह्यांनी रुमाल दिला आणि तुमच्या स्मरणशक्तीबद्दल शंका व्यक्त केली.

घरी आल्यावर मात्र हे फरशीवर बसले आणि लेकाशेजारी सरकू लागले. शर्यत हरले, वर कंबर धरली. ढब्बू त्यांचे दोन्ही कान पकडून उठला आणि पहिल्यांदाच ताठ उभा राहिला. कान लालबुंद झाले, पण तो खाली बसू नये म्हणून हे हूं की चूं न करता तसेच राहिले.

लोभ असू द्या. भावाच्या बालपणीचं आणखी काही असेल तर तेही येऊ द्या.
तुमची वहिनी

ता. २ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिरंजीव आज चालले. मी समोर हात पसरून बसलो होतो. त्याने मला नीट पाहून घेतलं, उठला, आणि मला वळसा घालून मांजरामागे गेला. पडला, उठला, पुन्हा गेला. मांजर पलंगाखाली आहे आणि बाहेर यायला तयार नाही.

तुझी वहिनी तुला लिहीलच की मी रडलो. रडलो, पण तिच्यानंतर.

माया असू दे.
तुझा धाकटा