एकच सीट बाकी

बाबा,

तुमाले जाऊन बारा वर्षं झाली, अन् मागच्या हप्त्यात तुमचा आवाज फोनवर आयकला. मी इकडं सुरतेत गोदामात कापडाचे गठ्ठे उचलतो. तुमची लेक वकील झाली, वाशिमच्या कोर्टात मोठ्या वकिलामागं फायली घेऊन फिरते. तिले आता कंपनीतली वकिली पाह्यजे, 'इन-हाऊस' म्हणतात. मी म्हणलं, "म्हंजे घरी बसूनच?" ती म्हणे, "दादा, तू गठ्ठेच उचल."

अशा नोकऱ्या लावून देणारा एक एजंट तिले भेटला. तिनं मलेही फोनवर घेतलं. तो म्हणाला, "मॅडम, एकच जागा बाकी आहे, आजच हो म्हणा." अन् मी मनानं डायरेक्ट शेलूबाजारच्या जीपस्टँडवर! तुमी बोनेटवर थाप मारून ओरडून राह्यले, "कारंजा, कारंजा! एकच सीट!" आत पाहावं तं फक्त तुमचे दोन दोस्त, कारंज्याले कधीच न जाणारे. मी एजंटाले विचारलं, "साहेब, जीपमधी बसले किती?" मग बहिणीनंच नीट विचारलं. त्यानं कंपनीचं नाव सांगितलं. त्याचे पैसे कंपनी देते म्हणे, अन् ही जागा पेपरात येणारच नाही. तुमी म्हणत, "मले दलाली जीपवाला देते, तं मी जीपवाल्याचा. पण एसटी जात नाही तिथं मीच पोचवतो." बहीण म्हणे, "एवढ्या एका जागेसाठी याच्याकडून जाते, बाकी माझं मी पाहीन." तुमच्यावर गेली पोरगी.

मले मात्र दम निघत नाही. तिचा बायोडाटा मोबाईलात होताच. जेवणाच्या सुट्टीत त्याच कंपनीले परस्पर पाठवून देला, दोन बाजूनं जोर लागंल म्हणून. काल एजंटानं तिले कळवलं, "तुमचा कागद आधीच दुसरीकडून आलाय. कंपनी म्हणते, उमेदवार कोणी आणला, फी कोणाची, असला वाद नको. दुसरी मुलगी घेतली."

एकदा स्टँडवर एका म्हातारीची पिशवी तुमी धरली, तिचा हात दुसऱ्या एजंटानं. त्या ओढाताणीत दोन्ही जीपा निघून गेल्या, म्हातारी उभीच. तुमी तिले एसटीत बसवून आले अन् घरी दिवसभर कोणाशी बोलले नाही. मी समजलो होतो, तुमाले ताप आला.

बहीण काल रडत होती. म्हणे, "दादा, कोणं पाठवला असंन रे?" मी म्हणलं, "काय मालूम."

पिशवी मीच ओढली, बाबा. तिले सांगाची हिंमत होत नाही, म्हणून ज्याले पत्र पोचणारच नाही, त्याले लिहून राह्यलो.