आगळीक म्हणायची

धुळे, २५ जुलै १९५४
थोरले दीर भुसावळहून परत आले. ह्यांनी तिथे नोकरीबरोबर बाईही केलीय, हे खरंच निघालं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “आगळीक व्हयनी. मानुस शे तो.” वर मला चहा टाकायला सांगितला. टाकला.

३० जुलै
पारोळ्याहून वडिलांचं पत्र. ‘जावयांची आगळीक पोटात घाल. पदरात दोन मुली आहेत.’ शब्द तोच! जणू सगळ्यांनी मिळून ठरवलाय. लहानाने मोठ्यांपुढे तोंड उघडलं, आगळीक. न विचारता पान वाढून घेतलं, आगळीक. इतपतच तो शब्द. मागच्या श्रावणात मी कानबाई देवीच्या रोटातला, प्रसादाच्या पोळीतला, तुकडा शेजारच्या रडत्या पोरीला दिला, प्रसाद भाऊबंदांबाहेर गेला, ते मात्र पाप. तीन दिवस उपास घडवला मला.
पोटात घाल म्हणे. पोट आहे की कणगी?

७ ऑगस्ट
उद्या कानबाई. रोटाचे गहू काढले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आमच्याकडे तिघे: सासरे, दीर, हे. बायका-पोरींची मूठ नसतेच. सासूबाईंनी सुपात चार ढिगल्या घातल्या.
“अक्का, चौथी कोणाची?”
“त्या पोऱ्यानी. रगत आपलंच शे ना.”
म्हणजे भुसावळच्या बाईला मुलगा झालाय. सगळ्यांना माहीत. मला सुपातून कळलं.
“देवीले बठ्ठा सारखा. दयाले बस.”
सूप उधळावंसं वाटलं. नाही उधळलं, भेकड मी. पण देवीला सगळे सारखे, तर माझ्या कमल-सुशीने काय केलंय? सासूबाई आत गेल्यावर दोघींच्या नावाने सव्वा सव्वा मूठ घातली. सगळं एकत्र दळलं. जात्याचा खुंटा घामाने निसटत होता.

८ ऑगस्ट, रविवार
हे सकाळच्या गाडीने आले. पोरींना बत्तासे. माझ्याकडे बघितलं नाही.
सासूबाईंनी पीठ परातीत घेतलं नि थांबल्या. “जास्ती दिखस वं. किती मुठी दयल्या?”
“सहा. कमल आणि सुशी धरून.”
ह्यांनी आता बघितलं. टाकावं तर देवीचं पीठ, मळावं तर पोरी वंशात.
मी म्हटलं, “आगळीक झाली, अक्का. पोटात घाला.”
तासभर झाला. परात तशीच आहे. पुरण निवतंय.