फुकटचं कोमट पाणी

टोकरखाडा, सिल्वासा
२१ मे २०२५

प्रिय धनूताई,

बसल्या जागेवरूनच नमस्कार घे. उठले तर जागा जाईल.

आधी एक तक्रार नोंदवून घे. मी बसलेय त्या खुर्च्या पत्र्याच्या आहेत आणि दर दोन खुर्च्यांच्या मध्ये लोखंडी दांडा ठोकलाय. माणसाने बसावं, पण आडवं होऊन चैन करू नये, अशी थोर योजना. पत्र्याला नक्षीची भोकं आहेत, ती आतापर्यंत माझ्या पाठीवर उमटली असणार. ज्याने ही खुर्ची बनवली त्याला तिच्यावरच बसवून ठेवावं, एवढीच माझी देवाकडे मागणी आहे. म्हणजे एवढीच नाही. पण ते पुढे.

बाकी ठीक. आमचा निलेश दादऱ्याच्या कंपनीत कायम झाला. इथल्या आमलीच्या बाजारात आंबे आलेत. देवरुखचे म्हणून विकतात आणि तोंड बलसाडचं असतं.

भावोजींना काल फोनवर एवढंच म्हणाले की तुमचं नाकात पाणी घालणं बंद, का ते पत्रात लिहिते. ते हसले. "अगं, तुझ्या नवऱ्यानेच तर शिकवलं!" सगळं फोनवर सांगितलं असतं तर मला रडू फुटलं असतं, आणि माझं रडणं ऐकायचा मान मी अजून तुलाही दिलेला नाही.

तर ही नेती. आमच्या गच्चीवर रोज सकाळी रमाकांतरावांचा क्लब भरतो. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे नाक धुणंसुद्धा शिस्तीत. एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी घालायचं, दुसरीतून काढायचं. सगळे रांगेत माना वाकड्या करून उभे, जणू खालच्या मजल्यावरचं भांडण ऐकताहेत. पाणी उकळून गार करून घ्यावं, हे मी एकदा बोलले. रमाकांतराव म्हणाले, "वहिनी, गॅस कशाला जाळायचा? वर काळी टाकी आहे. मे महिन्यात सूर्यनारायण फुकट कोमट करून देतोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. फुकट म्हटलं की आपल्याकडे शास्त्र संपतं.

पुढे टाकीतली ब्लीचिंग पावडर नाकाला झोंबायला लागली. क्लबाने सोसायटीकडे मागणी केली, सेक्रेटरीने ती मान्य करून पावडर बंद केली. सेक्रेटरी कोण ते तुला माहीत आहे. घरात पंख्याचा वेग ठरवायलाही मला विचारणारा माणूस. हे मात्र स्वतः ठरवलं.

मग एक दिवस जेवताना म्हणाले, "मंगल, आमटीला हिंग नाही घातलास का?" मी म्हटलं, "आईकडे जा आणि खा हिंगाची." आमटीचा वास घरभर होता, ताई. त्यांना येत नव्हता. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसले. मग ताप, मान ताठ. मग मला "आई" म्हणून हाक मारायला लागले. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. एरवी यावर मी आठवडाभर बोलले असते.

हो. आयसीयूबाहेर बसलेय. आतमध्ये अरविंद आहेत.

इथली डॉक्टर अमृता, तुझ्या प्राजक्ताएवढीच असेल. आधी त्यांनी नेहमीचा मेंदूज्वर समजून औषधं दिली. उतार पडेना. मग पाठीच्या कण्यातून पाणी काढलं आणि तिने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. मला म्हणाली, "काकी, त्यात अमिबा आहे. हलत होता." शाळेत मुलांकडून मी ज्याचं चित्र काढून घेते, तोच वेडावाकडा ठिपका. त्याचाच कुणी चुलतभाऊ.

टाकीच्या आतून बुळबुळीत थर धरतो ना, त्यात जिवाणू वाढतात आणि हा त्यांच्यावर चरतो. ऊन पाणी त्याला मानवतं. पावडर असती तर थरही झाला नसता आणि चरणाराही. ते पाणी प्यायलो तरी तो काही करत नाही, पोटात मरतो. नाकातून वर गेला की वासाच्या शिरेवरून सरळ मेंदूत. मी विचारलं, "त्याला तिथे काय हवं असतं?" ती म्हणाली, "काहीच नाही, काकी. वाट चुकतो. आणि समोर येईल ते खात सुटतो."

वाचतात का, हेही विचारलं. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं. "वाचलेत काही," म्हणाली. त्या "काही"त किती जण मावतात ते मी विचारलं नाही. बिहारकडच्या काळ्या आजारावरचं एक औषध लागतं, ते इथे नाही. निलेश ते आणायला मुंबईला गेलाय. निघालो म्हणाला, त्यानंतर फोन लागत नाहीये.

काल रमाकांतराव आले. चेहरा पिठासारखा. खिशातून कापराची वडी काढून हुंगतात, पुन्हा हुंगतात. "वहिनी, येतोय ना वास? मला येतोय असं वाटतंय." मी म्हटलं, "येतोय हो, मला इथवर येतोय." आता म्हणे आमच्या इमारतीत घरोघरी हाच उद्योग. कुणी कॉफीची बाटली हुंगतो, कुणी अगरबत्ती. टाकी रिकामी करून घासली. आतून निघालं ते बघायला कुणी थांबलं नाही.

भावोजींना वास येतोय का, तेवढं आज बघ. चेष्टेत विचारल्यासारखं विचार, घाबरवू नकोस. त्यांचं नेतीचं पात्र अडगळीत टाक.

दार उघडलंय. अमृता बाहेर आली आहे, कुणाला तरी शोधतेय. इथे आत्ता माझ्याशिवाय कुणी नाही.

थांब, एक राहिलंय. लग्नानंतर पहिल्या दिवाळसणाला न्हाणीघरात माझ्या पाठीला उटणं लावताना तू विचारलं होतंस, "मंगल, सुखी आहेस ना गं?" मी म्हटलं होतं, "पाठ नीट चोळ." तुझं उत्तर देणं तेव्हापासून माझ्याकडे राहिलंय. ते आज देऊन टाकते.

हो, ताई. फार.

त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. शुद्धीवर आले तर डोक्यावर बसतील. खुशाल बसू देत.

तुझी,
मंगल