फियाटचा रोटर

अण्णा, तुमच्या फियाटची कुंडी होणार आहे. नांदेड रोडला एक नवा धाबा होऊन राहिलाय, त्याच्या दारात तिला उभी करतील. बॉनेटमध्ये माती भरून झेंडू लावायचा आणि जेवून आलेल्यांनी टेकून फोटो काढायचे! तुमच्या लाडक्या लेकानं हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, "लाज वाटते का रे?" तर म्हणतो, "ताई, अण्णा गेल्यापासून ती एकदा बी चालू झाली न्हाई. काहून ठेवायचं भंगार दारात?" माझं डोकंच फिरलं.

भंगार म्हणे! वसमतच्या तुमच्या गॅरेजसमोर जीपगाड्यांची रांग असायची, पण सकाळी पहिलं फडकं फिरायचं ते या बदामी फियाटवर. गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. तुम्ही चोक ओढता, इंजिन दोनदा खोकतं आणि मग इतकं संथ चालतं की चहाचा कप बॉनेटवर ठेवावा. तुम्ही ठेवायचातही. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतला रोटर, तो अंगठ्याएवढा काळा तुकडा, शर्टाच्या खिशात टाकायचात. "हा न्हाई तर ठिणगी न्हाई. चोरानं किती बी सेल मारू दे," असं आईला दर वेळी नव्यानं सांगायचात. आई म्हणायची, "तिच्यापाशीच जाऊन झोपा मग."

आता मनातलं बोलतेच. कॉलेजच्या सुट्टीत दोन उन्हाळे मी तुमच्यासोबत काम केलं. इंजिनातल्या ढिल्या टॅपेटचा आवाज पोरीला माझ्याआधी ऐकू येतो, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगायचात. आणि एका दुपारी गाडीवर ऊन आलं म्हणून मी ती लिंबाच्या सावलीत नेऊन लावली, एक हिसका न बसता, तर सगळ्यांदेखत ओरडलात, "उतर खाली! पोरीच्या जातीनं स्टिअरिंगला हात लावायचा न्हाई!" त्याच वर्षी तुमच्या लेकानं फाटकाला घासून मडगार्ड चेपवलं, तर तुम्ही हसलात. "शिकून राहिलं लेकरू." अण्णा, ते हसणं मला अजून सलतं. लग्नात मला मिक्सर दिलात, आणि गाडीची दुसरी किल्ली "पुढं तुझीच" म्हणून त्याच्या हातात. ज्याला रिव्हर्स कुठं पडतो ते कळत नव्हतं, त्याच्या!

त्यानं काय केलं? तुम्ही अचानक गेलात, यानं गॅरेजचं मोबाईलचं दुकान केलं. गाडीची बॅटरी बदलली, मित्र लावून स्टँडपर्यंत ढकलली, आणि "इंजिन गेलं" म्हणून पावसापाण्यात सोडून दिली. एकदा झाकण उघडून बघावं की न्हाई? मेकॅनिकच्या पोटचा ना तो!

काल पहिल्या एसटीनं गेले. त्याच्यासमोर झाकण उघडलं, रोटर बसवला, मग हँडल घालून इंजिन फिरवायला गेले. हललंच न्हाई. दोघांनी मिळून जोर लावला. गंजानं आतून धरलंय सगळं. तो घाम पुसत म्हणाला, "ताई, म्हणजे एवढ्याशा तुकड्यासाठी बंद होती व्हय?" मला मान वर करता येईना.

तुम्ही गेलात त्या दिवशी अंगावरचा शर्ट मीच काढला, अण्णा. रोटर खिशात होता. त्याला द्यायला हवा होता, मी पर्समध्ये टाकला. मला हात लावू दिला न्हाई ना, मग त्याच्या हातानंही चालू होऊ नये, असं वाटलं. नऊ वर्षं तो माझ्या स्वयंपाकघरात लवंगांच्या डबीत होता, आणि नऊ वर्षं मी भावालाच बोल लावत होते. गाडी मी मारली.

"तुझ्यापाशी कुठून आला हा?" असं त्यानं विचारलंच शेवटी. मी सांगितलं, बाजारातून नवा आणला.