कौलावरची वाटी

तारापूर,
होळीनंतरचा गुरुवार, १९८६

प्रिय भागी,

हे अक्षर बघून तू दचकशील. वाकडं आहे, ओळी उताराला लागल्यात, पण माझंच आहे. आजवर माझी पत्रं कुणी ना कुणी लिहून दिली, मी नुसती सांगत बसायचे. या खेपेला कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून साक्षरता वर्गाच्या बाईंनी शिकवलं ते सगळं बाहेर काढलंय. जोडाक्षर आलं की हात अडतो. तू सावकाश वाच, आणि सासूसमोर वाचू नकोस. राहीबाई सफाळ्याच्या बाजाराला निघालीय, तिथून तुमच्या माकुणसारला यायचं कबूल केलंय, तिच्या हाती देते. राहीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुलाही ठाऊक, पण तिला वाचता येत नाही, तेवढा एक गुण आहे.

मी खुशीत आहे भागी. इतकी की चुलीपुढं एकटीच हसते आणि तुझी आई, जमना, विचारते, "काय झालं वो तुमाला?" आणि तितकीच काळजीतही आहे. का ते सांगतेच, पण आधी तुझ्या भावाच्या हिरव्या भाताचं सांगू दे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

वामन जहाजावरून आला तेव्हा तू दोन दिवस राहून गेलीस. तुझ्यासाठी टेप आणला, आईला साडी, मला ती मऊ शाल, जी आपल्या उकाड्यात पांघरायची कधी ते देव जाणे. स्वतःसाठी त्यानं फक्त एक डबा आणला होता, सुक्या पिवळ्या मिरच्यांचा. तू गेल्यावर रविवारी म्हणाला, आज चुलीपाशी कुणी यायचं नाय, आज मी करणार. जहाजावर सगळ्यांना रांधून घालतो ते माहीत होतं, पण आपल्या चुलीपुढं बाप्या बसलेला मी कधी बघितला नव्हता. जमना तर लाजून ओटीवर जाऊन बसली. मी कसली हलते! मी पाट घेऊन शेजारीच बसले.

कोंबड्याचे मोठे मोठे तुकडे त्यानं तेलात चांगले लाल केले आणि काढून ठेवले. त्याच तेलात कांदा, लसूण. मग कोथिंबीर, भागी, कोथिंबीर! आपण वरून चिमूटभर टाकतो, यानं जुड्याच्या जुड्या पाट्यावर वाटून हिरवागार गोळा केला न् घातला. मग म्हणाला, आता बीअर पाहिजे. मी म्हटलं, बाटली या घरात यायची नाय, तुझ्या आजोबांनी काय दिवे लावले ते मी बघितलंय. मंगळ्याकडून ताडी आण, तीही मडक्यात जाईल तेवढीच. मंगळ्यानं सकाळी उतरवलेली ताजी, गोड ताडी दिली आणि भाताची झाली खीर. कोंबडीची खीर! राहीबाई भिंतीवरून डोकावून म्हणते कशी, "होडीच्या बुडाचं शेवाळ खरवडून शिजवलंव काय गे?" वामन म्हणाला, मावशी, हा पेरू देशातला भात हाय. तर ती म्हणते, "पेरूचा कुठं भात होतो? जांबाचा पन करा मंग." पुढच्या रविवारी मी शहाणी झाले. ताडी दुपारपर्यंत आंबू दिली, वाड्याचा कोलम घेतला, त्याच हिरव्या रश्शात तांदूळ शिजवला, ओल्या तुरीचे दाणे टाकले. वरून लिंबात चोळलेला कांदा. काय सांगू तुला! शीत न् शीत मोकळं, आणि ताडीचा आंबूस वास मागं कुठंतरी. शेवाळवाली राही दोनदा वाढून घेऊन गेली.

एका गोष्टीवरून मात्र मी वामनला टोकत होते. मिरची फोडणीत घालतात, हा घालायचा अगदी शेवटी. भात शिजला की आधी एका वाटीत थोडा काढायचा, आणि मग राहिलेल्यात ती पिवळी मिरची वाटून कालवायची. म्हटलं, असलं कसलं रे उलटं? तर म्हणाला, सवय हाय. त्या वाटीत कोंबडीचा तुकडा हाडावरून सोडवून घालायचा. नुसता सोडवायचा नाही, दोन बोटांत धरून दाबून दाबून बघायचा, बारीक हाड राहिलं का. मग फुंकर घालायचा. मग वाटी हातात धरून असा बसायचा की जणू कुणाची वाट बघतोय, आणि कुणी नाही म्हटल्यावर बाजूला ठेवून द्यायचा.

तुझ्या आईनं ती वाटी बघितली, आणि तिला वाटलं, पोरानं बापाचा वाटा काढला. तिला दुसरं वाटणार तरी काय? तुझा बाप वादळात गेला तेव्हा तू अंगावर पीत होतीस. तेव्हापासून घरात काही गोडधोड झालं की पहिला घास ती मागच्या पडवीच्या कौलावर ठेवते. कधी कावळा येतो, कधी संध्याकाळपर्यंत येत नाही आणि ती उपाशी बसून राहते. पहिल्याच रविवारी तिनं ती वाटी उचलली, डोक्याला लावली, कौलावर ठेवली. आणि वळली नाही तोच कावळा आला. भागी, माझी सून एवढ्या वर्षांत मी अशी बघितली नव्हती. पदर तोंडाला लावून रडली, आणि म्हणाली, "घेतला वो त्यांनी. लेकाच्या हातचा हाय ना." त्या दिवसापासून तिची चालच बदलली. कॉलनीत मासळी विकायला जाते ती गुणगुणत येते. अणुशक्तीच्या बायका भावात घासाघीस करतात त्यांच्यावर पूर्वी कावायची, आता म्हणते, घ्या गे एक बोंबील वर, माझ्या पोराचं लग्न हाय. तुमच्या मंजुळाला कसले ब्लाउज शिवायचे, मांडव कुठपर्यंत घालायचा, सगळं तिचं ठरलंय. मंजुळा तुझी नणंद, म्हणजे घरातलीच, परकी पोर आणून पुन्हा तिचा स्वभाव बघा, असं नाही. जमनाच्या मनासारखं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.

वामनचं तोंड मात्र मी बघत होते. आई वाटी घेऊन कौलाकडे गेली की हा पांढराफटक पडायचा. मला वाटलं, बापाची आठवण. पण बापाला यानं बघितलाच कितीसा?

गेल्या रविवारी ते झालं. जमनानं वाटी ठेवली, कावळा कौलाच्या टोकाशी येऊन बसला, आणि वामन पानावरून उठून धावला. हाताला भात तसाच. त्यानं कौलावरची वाटी ओढली, कौल फुटलं, भात सगळा अंगणात. कावळ्याला दगड मारला भागी. ज्याला आपण हात जोडून बोलावतो त्या कावळ्याला दगड! जमना म्हणाली, "बापाच्या तोंडचा घास काढलास रे." तेव्हापासून मायलेकांत बोलणं नाही. ती ताट वाढते आणि उठून जाते. तो किनाऱ्यावर जाऊन बसतो.

मी अंगणातला भात गोळा करत होते. मिरचीचा कणही नाही त्यात. मऊ, बोटांनी कुस्करलेला, एकही हाड नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. अगं, आपल्यात काटे काढून कोण भरवतं? आई भरवते, आजी भरवते. बाप नाही भरवत, तो दर्यावर असतो. तुझ्या आजोबांना मासळी पकडता यायची, तिचा काटा काढून लेकाला भरवायचा म्हटलं तर हात कुठं घालायचा ते ठाऊक नव्हतं. पण पोराला भरवलेल्याची बोटं लपत नाहीत. मी एवढ्यांना भरवलंय, मला नाही कळणार? ती वाटी मेलेल्या माणसाची नव्हतीच.

मी तशीच किनाऱ्यावर गेले. बोंबील वाळत घातलेत त्या वलांडीखाली बसला होता. मी म्हटलं, वामन, मुलगा की मुलगी? तो माझ्या मांडीत डोकं घालून रडला, लहानपणी विंचू चावला होता तेव्हा रडला होता तसा. मुलगी आहे, भागी. चालायला लागलीय, पुढचे दात आलेत. नाव मिलाग्रोस. माझी जीभ वळत नाही. त्याला विचारलं, म्हणजे काय? म्हणाला, देवानं केलेला चमत्कार. मी म्हटलं, मग सरळ नवसी म्हण की! आपल्याकडं अशा पोरीला नवसीच म्हणतात. बायकोचं नाव मारूखा. बंदराजवळ खानावळ आहे तिच्या आईची, तिथं हा जेवायला जायचा. जहाज तिकडं मासळीचं पीठ भरायला जायचं म्हणे. तिथंही किनाराभर मासळीचा वास. "आजी, उतरलो तं घरीच आल्यासारखं वाटलं," म्हणाला. त्यांच्या देवळात लग्न लावलंय, पळून बिळून नाही. रविवारी घरोघर तोच भात, आणि पोरीची वाटी मिरची घालायच्या आधी हा स्वतः काढायचा.

मी त्याला सोडला नाही हं. म्हटलं, मग मेल्या, इथं येऊन मंजुळासाठी मुंडावळ्या कशाला बांधायला निघालास? म्हणाला, सांगायलाच आलो होतो. उंबऱ्यात पाय ठेवला तर आई म्हणाली, आता तुला जाऊ देनार नाय, मंजुळा पक्की केलीय, आणि हसली. "आजी, आईला हसताना मी पयल्यांदा बघितली. तोंडच उघडलं नाय." मी म्हटलं, वादळातल्या जहाजावर रांधणारा तू, आणि आईपुढं बुडालास होय रे? आणि तिकडं ती पोरगी दाराकडं बघत असेल. तर तो म्हणाला, ते नको बोलू आजी. आणि कौलावरच्या वाटीचं तर विचारूच नकोस. जिवंत लेकराचा घास काढायचा आणि आपल्या डोळ्यांदेखत आपल्याच आईनं तो कावळ्याला घालायचा. पहिले दोन रविवार त्यानं कसे काढले कोण जाणे. मला तर आता त्या कौलाकडं बघवत नाही.

पण हसू पण येतं भागी, काय करू? मी पणजी झाले! पणतवंडाचं तोंड बघितलं की सोन्याची फुलं उधळतात म्हणे अंगावर. माझ्या अंगावर आजवर खवलेच उडालेत. आणि तोंड तरी कुठं बघितलंय? समुद्राच्या पार पलीकडं आहे ती. वामनला विचारलं, नाक कुणासारखं? म्हणाला, तुझ्यासारखं, बसकं. त्यानंतर आरशात किती वेळा बघितलं ते सांगत नाही.

आता जे सांगायला बसले ते सांगते. जमनानं परत कोंबडा आणून दाव्याला बांधलाय. मला म्हणाली, "ते रुसले असतील वो. या रविवारी मीच वाटी ठेवीन, हात जोडून माफी मागीन." मी वामनला सांगितलंय, भात कर, वाटीही काढ, आणि गप्प बस. सांगणार मी आहे. पण सांगितल्यावर जमनाचे दोन जीव जातील, एक लेकाचं लग्न, आणि दुसरा तो कावळा. तुझ्या बापानं घास घेतला हे एवढंच सुख तिला मिळालं होतं, तेही मी काढून घेणार. आणि ती पहिल्यांदा तुझं नाव घेईल, माझ्या भागीच्या संसाराला आग लागली म्हणेल. ते खोटं नाही. तुझ्या सासरी तुलाच ऐकून घ्यावं लागेल, मंजुळा तुझ्या पुढ्यात रडेल. मला ते दिसतंय, आणि तरी मी सांगणार आहे, कारण हळद लागल्यावर ती पोर जन्माची रडेल. मंजुळाला कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू, पण सांगायचं हे ठरलंय. दर्याकडं बघत वाट बघणं काय असतं ते या घरात जमनाइतकं कुणाला ठाऊक नाही. तिकडं एक बाई तशीच उभी आहे हे तिला कळेल, आज नाही कळलं तरी कळेल. पण तोवर तिला धरायला कुणीतरी हवं, आणि मी म्हातारी एका वेळी एकच काही धरू शकते. म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं ये. सासूला सांग, आजीला बरं नाही. दुपारी भात शिजेल, वाटी निघेल, आणि जमना ती डोक्याला लावून पडवीकडं वळेल. तेव्हा मी आडवी येईन. वाटी मी धरते, तू आईला धर.

तुझीच, बसक्या नाकाची पणजी झालेली,
येसूआजी